पालक कोणता? युनिक्सच्या वंशावळीतील एक घोळ

परक्या खात्यात प्रतिनियुक्तीवर गेलेल्या माणसाला दोन धनी असतात. काम नव्या खात्याचे, हुकूमही त्याचाच. पण धारणाधिकार मूळ खात्यात राहतो. आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. संगणकाच्या कार्यप्रणालीस मात्र हा साधा भेद उमगावयास बराच काळ लागला.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी उभारलेल्या युनिक्स प्रणालीत चालत्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेस दुसरीच्या पोटी जन्मते आणि पालकाचा क्रमांक तिच्या नोंदीत राहतो. ती संपली की तिची अखेरची खबर पालकाने घ्यावयाची. पालक आधीच गेला असेल तर क्रमांक १ची प्रोसेस त्या अनाथ लेकराला पदरात घेते. ही सारी दप्तरे सांभाळतो तो प्रणालीचा गाभा.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत 'पीट्रेस' नावाची सोय होती. एका प्रोसेसने दुसरीला थांबवावे, तिची स्मृती तपासावी, पुन्हा चालू करावे, अशी ती सोय. हे दोष हुडकणाऱ्या प्रोग्रॅमचे, म्हणजे डीबगरचे, काम. गाभ्याची अट एकच होती : तपासावयाचे ते स्वतःचेच मूल असले पाहिजे. डीबगर आपल्या पोटी प्रोग्रॅम जन्माला घाली आणि मग त्याची झडती घेई. जन्मदाता तोच आणि पहारेकरीही तोच. वादाला जागाच नव्हती.

पुढे ऐंशीच्या दशकात ही अट जाचक होऊ लागली. कित्येक दिवस चालू असलेला प्रोग्रॅम मध्येच अडतो. त्याला मारून पुन्हा जन्माला घातले तर दोषही नाहीसा होतो. म्हणून चालत्या, परक्याच्या मुलावर पहारा बसविण्याची मुभा आली. परंतु मुलाची खबर घेण्याची सारी यंत्रणा पालकापुरतीच होती. तेव्हा बर्कलेच्या मंडळींनी जवळची वाट धरली : तपास चालेतो डीबगरलाच पालक करावयाचे. १९९३ च्या ४.४ बीएसडी प्रणालीत मूळ पालकाचा नुसता क्रमांक बाजूला टिपून ठेवलेला दिसतो, आणि त्या ओळीपुढे लेखकांनी स्वतःच तीन फुल्या मारल्या आहेत. त्या काळच्या प्रोग्रॅमकारांत या फुल्यांचा अर्थ 'हे बरे नव्हे' असा असे.

आणि ते बरे नव्हतेच. मुलाने 'माझा पालक कोण?' विचारले की डीबगरचा क्रमांक येई. त्यावरून काही प्रोग्रॅम आपल्यावर पहारा आहे हे ओळखू लागले. म्हणजे तपासणीनेच तपासावयाची वस्तू बदलली. खरा पालक मुलाची वाट पाहत बसला असेल, आणि त्याला दुसरे अपत्य नसेल, तर गाभा त्याला सांगे, तुला मूलच नाही. शिवाय क्रमांक हे पुन्हा वापरले जातात. मूळ पालक दरम्यान मेला आणि त्याचा क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळाला, तर तपास संपल्यावर लेकरू त्या परक्याच्या दारी. सर्वांत विलक्षण घोटाळा निराळाच : मुलाने आपल्याच पालकावर पहारा बसविला, तर बाप मुलाचा मूल होई, वंशवृक्षाचे वर्तुळ बने, आणि पूर्वज शोधणारा गाभा त्यात अखंड प्रदक्षिणा घालीत राही.

याच बीएसडीच्या वंशातील फ्रीबीएसडीने २०१२ मध्ये दुरावलेल्या मुलांची वेगळी यादी खऱ्या पालकाच्या नावे ठेवली. २०१४ मध्ये क्रमांकावरचा भरवसा सोडून मूळ पालकाचा थेट शोध घेण्याची सोय केली, आणि मुलाच्या प्रश्नालाही खरे उत्तर मिळू लागले. तीन फुल्यांचे देणे फेडावयास वीस वर्षांहून अधिक काळ गेला!

आमच्या मते सर्वांत स्वच्छ तोड त्याहून जुनी होती. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेच्याच टॉम किलियन यांनी प्रत्येक प्रोसेस एखाद्या फाइलसारखी उघडता यावी अशी रचना मांडली. फाइल वाचावयास तिचे पालकत्व कशाला हवे? लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या लिनक्सने मधला मार्ग घेतला. १९९४ च्या पहिल्या आवृत्तीतच प्रत्येक प्रोसेसच्या नोंदीत दोन निरनिराळी दर्शके आढळतात, एक जन्मदात्याकडे, दुसरे सध्याच्या पालकाकडे. आणि 'पालक कोण?' या प्रश्नाला उत्तर जन्मदात्याचेच मिळते. आजही तेथे प्रोसेसची स्थिती मागितली की पालकाचा क्रमांक एका ओळीत येतो आणि पहारेकऱ्याचा दुसऱ्या. पहारा नसेल तर त्या दुसऱ्या ओळीत शून्य असते.