दहा हजार डॉलर आणि एक कुंडी

दिवाळीचा बोनस हाती पडण्याआधीच घरातल्या प्रत्येक माणसाने तो मनातल्या मनात एकदा खर्च करून टाकलेला असतो. आईच्या मनात घराची डागडुजी असते, थोरल्याच्या मनात धंद्याचे भांडवल, धाकटीच्या मनात कॉलेजची फी. रुपये मात्र तेवढेच असतात. लॉरेन हॅन्सबेरी या अमेरिकन लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक मी प्रथम वाचले तेव्हा ते मला अशाच एका घरातले भांडण वाटले. पुढे त्यामागचा इतिहास कळत गेला, आणि तेच नाटक मला निराळे दिसू लागले. त्या इतिहासाची ही हकीकत.

नाटक घडते शिकागो शहराच्या दक्षिण भागात, यंगर नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबात. दोन-तीन खोल्यांची जागा, पाच माणसे. शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर वापरायची न्हाणी बाहेर बोळात, आणि नातू ट्रॅव्हिस झोपतो तो बैठकीतल्या कोचावर. या घरात एक धनादेश यायचा आहे. जन्मभर राबून मेलेल्या बापाच्या विम्याचे ते दहा हजार डॉलर.

त्या पैशांवर प्रत्येकाचे डोळे आहेत. मुलगा वॉल्टर ली एका गोऱ्या साहेबाची मोटार हाकतो. दुसऱ्यासाठी दारे उघडण्यात आयुष्य जाणार, या विचाराने तो आतून जळतो आहे. त्याला भागीदारीत दारूचे दुकान काढायचे आहे. धाकटी बेनिथा डॉक्टर होऊ पाहते. सून रूथ लोकांच्या घरी धुणे-स्वयंपाक करते. तिच्या पोटात दुसरे मूल आहे, आणि या कोंडीत ते वाढवावे की नको, या विचाराने ती खचली आहे. म्हातारी लीना, सर्वांची आई, तिला हवे आहे एक घर. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात तिने कुंडीतले एक रोपटे कसेबसे जगवले आहे, त्याला अंगण हवे आहे.

लीना कुणाला न विचारता साडेतीन हजार डॉलर भरून क्लायबर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मुलाचा उतरलेला चेहरा पाहून उरलेले साडेसहा हजार ती त्याच्या हाती देते. त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेव, बाकीचे तुझे, असे बजावते. वॉल्टर सगळेच पैसे भागीदाराच्या स्वाधीन करतो, आणि भागीदार पळून जातो.

पहिल्या वाचनात मी सर्वस्वी आईच्या बाजूचा होतो. मला वॉल्टर उधळ्या वाटला होता. पण गोऱ्यांच्या वस्तीतच घर का, याचे लीनाने दिलेले कारण माझ्या नजरेतून निसटले होते. तिला गोऱ्यांच्या शेजाराची हौस नव्हती. कृष्णवर्णीयांसाठी म्हणून दूरवर बांधलेल्या घरांची किंमत जवळजवळ दुप्पट पडत होती. परवडणारे बरे घर तिला मिळाले ते तिथे, म्हणून तिने ते घेतले.

हे असे का होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडच्या राज्यांतून लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे कामधंद्यासाठी शिकागोसारख्या शहरांत आली. माणसे वाढली, पण त्यांना राहू देणारे मोहल्ले वाढले नाहीत. कारण गोऱ्या घरमालकांनी आपसांत करार केले होते, की आपले घर कृष्णवर्णीयांना विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. हे करार रीतसर नोंदवलेले असत आणि न्यायालये ते पाळायला लावीत. जागा थोडी, गरजू फार, म्हणून भाडी चढली. मोठ्या बिऱ्हाडांचे तुकडे पाडून एकेका खोलीत कुटुंबे कोंबली गेली.

लेखिकेला हे ऐकून ठाऊक नव्हते. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी हे शिकागोतले जमीन-जुमल्याचे व्यापारी. बिऱ्हाडांचे असे तुकडे पाडून भाड्याने देण्याच्या धंद्यातच त्यांनी पैसा केला होता. म्हणजे यंगरांसारख्या भाडेकरूंची कथा लिहिली ती एका घरमालकाच्या मुलीने! पण खिशात पैसा असूनही वर्णाची भिंत त्यांनाही चुकली नाही. १९३७ साली त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतले. दाराशी जमाव जमला. खिडकीतून भिरकावलेली वीट सात-आठ वर्षांच्या लॉरेनला लागता लागता राहिली. वडील खटल्यासाठी बाहेर असत, आणि आई भरलेले जर्मन पिस्तूल घेऊन रात्र-रात्र घरात पहारा देई.

इलिनॉय राज्याच्या न्यायालयांत ते हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० च्या नोव्हेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण कसा? करार लागू व्हायला ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या, आणि प्रत्यक्षात होत्या जेमतेम ५४ टक्के. तरी आधीच्या एका दाव्यात सह्या पुऱ्या आहेत असे गृहीत धरले गेले होते. त्या दाव्यात हॅन्सबेरी पक्षकार नव्हते, म्हणून तो निकाल त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. असले करारच अन्यायाचे आहेत, असे काही म्हटले नाही. न्यायालये ते करार अमलात आणू शकत नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडले, आणि घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेदाला कायद्याने बंदी झाली ती १९६८ साली. कार्ल हॅन्सबेरींनी यांतले काहीच पाहिले नाही. मायदेशाला विटून कुटुंब मेक्सिकोत हलवण्याच्या तयारीत असताना १९४६ साली तिथेच त्यांचा मृत्यू झाला. लॉरेन तेव्हा पंधरा वर्षांची होती.

आता नाटकाचा शेवट पाहा. नव्या वस्तीच्या मंडळाचा प्रतिनिधी लिंडनर येतो. शिवी नाही, धमकी नाही. तुम्ही येऊ नका, घर आम्हीच जास्त पैसे देऊन परत घेतो, असे तो मोठ्या सौजन्याने सांगतो. पैसा बुडवून बसलेला वॉल्टर तो सौदा पत्करायला निघतो. आई एकच करते. लहानग्या ट्रॅव्हिसला ती तिथून जाऊ देत नाही. बाप काय करतो ते मुलाने पाहावे! आणि मुलाच्या डोळ्यांदेखत वॉल्टरच्या तोंडून होकार निघत नाही. माझ्या बापाने हे घर कमावले आहे, आम्ही राहायला येणार, असे तो सांगतो. सामान बाहेर पडते. लीना एकदा मागे वळते आणि विसरलेली कुंडी उचलून नेते.

हे नाटक उभे करायला निर्माते फिलिप रोझ यांना वर्षाहून अधिक काळ पैसा जमवावा लागला. ११ मार्च १९५९ रोजी ते ब्रॉडवेवर आले. तिथे नाटक झालेली लॉरेन ही पहिली कृष्णवर्णीय लेखिका, वय अवघे अठ्ठावीस. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स, वॉल्टरच्या भूमिकेत सिडनी पॉइटिए. ५३० प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचे त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नाटकाचे पारितोषिक त्याला मिळाले. पुढे सहा वर्षांनी, १९६५ च्या जानेवारीत, कर्करोगाने लॉरेन गेली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

शेवट गोड आहे, असे मलाही वाटले होते. घर मिळाले, मुलगा माणसांत आला, आणखी काय हवे? पण पडदा पडतो तो सामान हलवण्याच्या दिवशी. नव्या घरातली पहिली रात्र नाटकात नाही. ती रात्र कशी असते हे लॉरेनला पुरते ठाऊक होते, आणि तरीही तिने त्या कुटुंबाला जाऊ दिले. आता मी शेवटच्या पानावर येतो तेव्हा मला खिडकीची काच आठवते, पहारा करणारी आई आठवते, आणि कुंडी घेऊन जिना उतरणाऱ्या म्हातारीला थांबवावेसे मात्र एकदाही वाटत नाही.