मॉरिशसचा इतिहास : दप्तरांतील नांवें व ताटांतील पदार्थ

एखाद्या देशाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपण प्रथम ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी व शकावल्या यांचा शोध घेतों. जेथें हीं साधनें नसतात तेथें क्षेत्रमाहात्म्यें, वंशावळी व दंतकथा यांच्यावर सावधपणें भिस्त ठेवितों. परंतु ज्या देशांत १६३८ पूर्वी मनुष्यवस्तीच नव्हती, ज्यास प्राचीन राजघराणें नाहीं, स्वतःची लिपि नाहीं, आणि ज्यांतील प्रत्येक कुळाचा मूळपुरुष कोणत्या तरी गलबतांतून उतरलेला आहे, अशा देशाचा इतिहास कशावरून लिहावयाचा ? हिंदी महासागरांतील मॉरिशस हें असल्या देशाचें ठळक उदाहरण होय. तेथें कागद विपुल आहेत. पण ते बहुतेक सर्व धन्याच्या अथवा सरकारी कारकुनाच्या लेखणींतून उतरलेले आहेत. प्रजेनें स्वतः राखलेली नोंद तिच्या बोलींत, गाण्यांत आणि विशेषतः तिच्या चुलीपाशीं आहे. ही दुसरी नोंद कागदाइतक्याच कठोरपणें पारखून घेतली तर ती प्रमाण मानिली पाहिजे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थल व कालानुक्रम. मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस, सुमारें वीस दक्षिण अक्षांशावर वसलेलें ज्वालामुखीजन्य बेट. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन-तीन तालुक्यांएवढें. १५०२ च्या कांतिनो नकाशांत या बेटांस अरबी वळणाचीं नांवें दिलेलीं आढळतात. त्यावरून अरब खलाशांस तीं ठाऊक होतीं असें दिसतें. पोर्तुगिजांनीं बेट पाहिलें, पण तेथें वसाहत केली नाहीं. १५९८ त डच उतरले व त्यांनीं मॉरिट्स या आपल्या राजपुत्राचें नांव बेटास दिलें. १६३८ त त्यांनीं पहिली वसाहत केली, १६३९ त जावाहून ऊंस आणिला, आणि १७१० त बेट कायमचें सोडिलें. १७१५ त फ्रेंचांनीं तें घेऊन ‘ईल द फ्रान्स’ असें नांव ठेविलें. १७३५ त आलेल्या माहे द ला बुर्दोने या सुभेदारानें पोर्ट लुई बंदर ऊर्जितावस्थेस आणिलें. १८१० च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं बेट जिंकिलें, परंतु तहाच्या कलमांत रहिवाशांचे कायदे, चालीरीति व धर्म राखण्याचें वचन दिलें. यामुळें राज्य इंग्रजांचें आणि व्यवहार फ्रेंचांचा, अशी दुहेरी स्थिति उत्पन्न झाली व तेथील दप्तरेंहि दोन भाषांत विभागलीं. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला व १२ मार्च १९९२ रोजीं प्रजासत्ताक झाला.

आतां कागदांकडे वळूं. फ्रेंच अमदानींत मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून गुलाम आणीत. कांहीं हिंदुस्थानांतूनहि नेले जात. पुदुचेरीकडील तमिळ कारागीरहि याच काळांत तेथें गेले, पण ते स्वतंत्र म्हणून. १७२३ च्या फर्मानानें गुलाम ही जंगम मालमत्ता ठरली. तेव्हां गुलामाचा उल्लेख शोधावयाचा तो खरेदीखतांत, मृत्युपत्रांत व मयताच्या चीजवस्तूंच्या यादींत. भांडीं, बैल व माणसें हीं तेथें एकाच पानावर भेटतात. इंग्रजांनीं १८१५ पासून गुलामांची नोंदणी सुरू केली. तींत नांव, वय व जात असे रकाने आहेत. परंतु ‘जात’ या सदराखालीं ‘मोझांबिक’ किंवा ‘मलगाशी’ एवढाच शब्द आढळतो. ‘मोझांबिक’ याचा अर्थ बहुधा त्या किनाऱ्यावरून आणिलेला, इतकाच. त्या माणसाचें गांव कोणतें, भाषा कोणती, आईचें नांव काय, हें त्यावरून कळत नाहीं. १ फेब्रुवारी १८३५ पासून गुलामगिरी रद्द झाली, तेव्हां सुमारें सहासष्ट हजार गुलामांची किंमत ठरविण्यांत आली, व धन्यांस वीस लक्ष पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मिळाली. गुलामांस कांहीं मिळालें नाहीं; उलट ‘उमेदवारी’ या नांवाखालीं १८३९ पर्यंत त्यांस त्याच मळ्यांत राबावें लागलें. अर्थात् या समाजाविषयींचा सर्वांत तपशीलवार कागद म्हणजे त्याच्या किमतीचा ताळेबंद होय.

१८२५ त मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडांतील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेएवढी झाली होती. त्यामुळें उंसाची लागवड झपाट्यानें वाढली व मुक्त गुलामांच्या जागीं मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ जहाजांतून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईस उतरले. पांच वर्षांचा करार, दरमहा पांच रुपये, आणि शिध्यास तांदूळ, डाळ, मीठ, तेल व चिंच, अशा त्यांच्या अटी होत्या. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लक्षांहून अधिक माणसें तेथें गेलीं. १८४९ त बांधलेल्या ज्या तळावर तीं उतरत, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नांवानें ओळखिला जातो. तेथें प्रत्येकास एक अनुक्रमांक मिळे, आणि वहींत नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, जिल्हा, उंची व अंगावरील खुणा यांची नोंद होई. १८६७ च्या कायद्यानें त्यांस छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. हा वहीसंग्रह मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत सुरक्षित असून, २०१५ त संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक संघटनेनें त्याची जागतिक वारशांत गणना केली आहे.

गुलामांच्या यादीपेक्षां हा संग्रह निःसंशय समृद्ध आहे. आज बिहारांतील वा रत्नागिरींतील आपलें मूळ गांव शोधणारा मॉरिशसकर याच वह्या चाळतो. परंतु संशोधकानें त्यांतील दोष ओळखिले पाहिजेत. सांगणारा भोजपुरी, तमिळ किंवा मराठी बोले. लिहिणारा इंग्रजी वळणानें लिही. आणि पुढें बेटावर तेंच नांव फ्रेंच उच्चारानें वाचिलें जाई. ‘शिव’ याचें ‘सीवू’ झालें तें असें. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचें नांवहि ‘सीवूसागर’ असेंच लिहिलें जातें. रत्नागिरीचें ‘रट्नाघेरी’ झालेलें आपण आपल्याकडील इंग्रजी कागदांतहि पाहतों. याहून मोठा फेर असा कीं, मूळपुरुषाचें व्यक्तिनाम हेंच पुढील पिढ्यांचें आडनांव बनलें. म्हणून तेथील मराठी घराण्यांत आडनांवावरून कूळ काढूं जाणें व्यर्थ आहे. आपल्याकडे ज्याचा बापू किंवा सखाराम म्हणून एका पिढींत उल्लेख येऊन संपला असता, त्याचें नांव तेथें सहा पिढ्या चालत आलें.

शिवाय या वह्या मजुराचें म्हणणें सांगत नाहींत. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा जो ‘दुहेरी काट’ चाले, तो हजेरीपुस्तकांत केवळ आंकडा म्हणून दिसतो. १८७१ त अदोल्फ द प्लेवित्झ याच्या पुढाकारानें नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या-निशाण्यांचा अर्ज झाला व त्यामुळें पुढें राजकीय चौकशी आयोग नेमिला गेला, तेव्हां कोठें त्या आंकड्यामागची हकीकत सरकारी कागदांत शिरली.

जेथें कागद असा मुका होतो तेथें दुसरें साधन बोलूं लागतें. परंतु खाद्यपदार्थावरून अनुमान करितांना तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत : पदार्थाचें नांव, त्याची कृति, आणि तो तेथें पोंचण्याचा कागदोपत्रीं सिद्ध होणारा मार्ग. एकट्या नांवावर विसंबणें धोक्याचें आहे. कांहीं उदाहरणें पाहूं.

मॉरिशसमध्यें पालेभाजीस ‘ब्रेड’ म्हणतात. हा पाव नव्हे. हा पोर्तुगीज ‘ब्रेदु’ शब्दाचा अवशेष आहे. तसेंच तळलेल्या माशास मोहरी, हळद, लसूण व शिरका लावून मुरवितात, त्यास ‘विंदाय’ म्हणतात. आपल्या गोव्यांतील विंदालूशीं त्याचें नातें उघड आहे. यावरून पोर्तुगीज तेथें राहिले होते असें कोणी म्हणेल तर तें चूक ठरेल, कारण त्यांनीं तेथें वसाहत केल्याचा कागद नाहीं. शब्द माणसांबरोबर जातो, पण ज्यांचा तो मूळचा त्यांच्याचबरोबर जातो असें नाहीं. बंदराबंदरांतून फिरणाऱ्या खलाशांनीं व आचाऱ्यांनीं तो नेला असणें शक्य आहे. याच्या उलट कढीलिंबास ‘कारिपुले’ व कोथिंबिरीस ‘कोतोमिली’ हीं नांवें तमिळ आहेत, त्यांचा उपयोगहि तमिळ पद्धतीचा आहे, आणि पुदुचेरीहून व मद्रासेहून लोक गेल्याचे कागदहि आहेत. तिन्ही गोष्टी जुळल्या. अनुमान दृढ झालें.

कसाव्याचें उदाहरण अधिक बोलकें आहे. ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करितात तोच हा कंद. ला बुर्दोने यानें तो ब्राझिलांतून आणविला, तो गुलामांचें पोट स्वस्तांत भरावें म्हणून. वादळांत मक्याचें पीक आडवें होई, पण जमिनींतील कंद टिके. येथें कागद धन्याचा हेतु सांगतो. परंतु त्याच बेटावर माहेबूर गांवीं १८७० त कसाव्याचीं बिस्किटें करण्याचा कारखाना निघाला, व दास्याचें अन्न चहाबरोबर खाण्याचा पदार्थ झालें. हें स्थित्यंतर गुलामांच्या यादींत सांपडणार नाहीं.

आतां मराठी वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा प्रश्न. ‘धोल पुरी’ हा मॉरिशसचा जणूं राष्ट्रीय पदार्थ. पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिरें घालून तिचें सारण पिठाच्या पारींत भरितात व पातळ मऊ पोळी लाटून तव्यावर भाजतात. ती जोडीनें विकण्याचा प्रघात असून तिच्यांत पांढऱ्या मोठ्या पावट्याचा रस्सा, टोमॅटोचा ‘रुगाय’ व ‘सातिनी’ म्हणजे चटणी घालितात. हिला पाहतांच आपणांस पुरणपोळीची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे, आणि स्वदेशाभिमानानें ती आपलीच म्हणण्याचा मोह होतो. परंतु कसोटी लाविली असतां हा दावा टिकत नाहीं. नांव भोजपुरी ‘दालपूरी’चें आहे, सारणांत गूळ नाहीं, आणि वह्यांवरून पाहतां सर्वांत मोठा भरणा कलकत्ता बंदरांतून, बिहार व त्याच्या आसपासच्या मुलखांतून झालेला आहे. सबब धोल पुरी बिहारची. शिध्यांत डाळ होती पण कणीक नव्हती, ही गोष्टहि लक्षांत घ्यावी. त्यावरून हें मळ्यांतील रोजचें अन्न नसून सणाचें व पुढें बाजाराचें अन्न असावें, असा तर्क करितां येतो.

मग आपलें तेथें काय उरलें ? तेंहि त्याच कसोटीवर पाहूं. मॉरिशसच्या मराठी समाजांत गणेशोत्सवांत ‘झाकरी’ नांवाचा समूहनृत्याचा प्रकार चालतो. रत्नागिरीकडे गणपतींत चालणाऱ्या जाखडीचें, अर्थात् बाल्या नाचाचें, हें रूप होय. क्रेओल बोलींत ‘ड’चा ‘र’ होणें सहज आहे, व ‘ख’मधील महाप्राण आद्याक्षरावर सरकल्याचें दिसतें. नांव जुळलें, प्रसंग जुळला, प्रकार जुळला, आणि मुंबई बंदरांतून कोंकणचे मजूर गेल्याचे कागद आहेत. हा दावा बिनधोक करावा. गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते, मोदक होतात, आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. घरांत मात्र बहुतेक सर्व जातिधर्मांचे लोक क्रेओल बोलतात.

ही क्रेओल बोली व तिच्याबरोबरचें ताट हाच त्या राष्ट्राचा खरा संयुक्त दस्तऐवज होय. १९६८ च्या घटनेनें प्रजेचे हिंदु, मुसलमान, चिनी व सर्वसाधारण असे चार वर्ग पाडिले. त्यांतील शेवटच्या वर्गांत गुलामांचे वंशज व गोरे मळेवाले एकत्र बसविले गेले. १९७२ नंतरच्या खानेसुमारींत समाजाचा प्रश्नच वगळण्यांत आला. परंतु बाजारांत चिनी ‘मीन’ म्हणजे शेवया हिंदु खातो, मुसलमानाची बिर्याणी क्रेओल खातो, आणि धोल पुरी सर्वच खातात. कारकुनाचे रकाने येथें पुसले जातात.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. हिंदी मजुराच्या वंशजास निदान अनुक्रमांक व गांवाचें नांव सांपडतें. गुलामाच्या वंशजास ‘मोझांबिक’ या एका शब्दावर थांबावें लागतें. २०११ त अहवाल देणाऱ्या ‘सत्य व न्याय आयोगा’नें गुलामगिरी व मजूरकरार या दोहोंच्या परिणामांची चौकशी केली, ती या विषम वारशामुळेंच. कागद तेवढा खरा असें आपण म्हटलें, तर धन्यानें ज्याची नोंद ठेविली नाहीं त्याचा भूतकाळहि नाहीं असें म्हटल्यासारखें होईल. २०१४ त सेगा नृत्यगीतास व २०१६ त भोजपुरी गीत-गवईस जागतिक वारशांत स्थान मिळालें, हें त्या दृष्टीनें योग्यच झालें.

शेवटीं हस्तलिखितसंग्राहकांस एक विनंति. मोक्याच्या वह्यांत कोंकणच्या गांवांचीं विकृत नांवें आहेत. त्यांचीं शुद्ध रूपें कोंकणांतच मिळावयाचीं. खोतांचीं दप्तरें, देवस्थानांच्या वहिवाटीचे कागद, वाटणीपत्रें व जुनीं पत्रें चाळतांना १८३४ नंतरच्या काळांतील ‘परागंदा’, ‘समुद्रापार’ किंवा ‘मिरिच बेटीं गेला’ अशा अर्थाचे शेरे आढळल्यास ते क्षुल्लक म्हणून सोडूं नयेत. त्या एका शेऱ्याच्या दुसऱ्या टोकास एक अनुक्रमांक, एक छायाचित्र आणि सहा पिढ्यांचें एक कुटुंब उभें असण्याचा संभव आहे.