रक्त की सुई?

हिपॅटायटिस सी विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार आहेत. भारतात मुख्यतः तिसरा आढळतो, इजिप्तमध्ये चौथा. आपण लगेच म्हणतो, 'त्या लोकांचं रक्तच तसं!' पण जरा थांबूया. नाईलकाठच्या शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्यातून शिस्टोसोमा या कृमीची बाधा होई. १९५०च्या दशकापासून सरकारनं गावोगाव अँटिमनीची इंजेक्शनं दिली. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या. १९८०च्या दशकात गोळ्यांनी त्यांची जागा घेतली, तोवर विषाणू लाखो लोकांच्या यकृतात पोचला होता. म्हणजे हा प्रसार वंशानं नव्हे, सुईनं केला. हेतू चांगलाच होता. पण आपण तत्त्वज्ञानवाले जाणतो, चांगला हेतू म्हणजे निर्जंतुक सुई नव्हे. जनुकांत आपण माणसांचे वंश शोधायला जातो, आणि हाती लागतो आपल्याच कृतींचा इतिहास.