सवालाचा अदब

पारशिवनीतल्या एका बैठकीपासून सुरुवात करतो. जुम्म्याच्या नमाजनंतर पंधरावीस माणसे बसली होती. विषय साधा, पण घराघराला भिडणारा होता. सातवीनंतर मुलींना गावातल्या मराठी शाळेत ठेवायचे, की उर्दूतून शिकण्यासाठी कामठीला पाठवायचे? दीड तास बोलणे झाले. मजहब निघाला, जबान निघाली, बसचे भाडे निघाले. मग कोपऱ्यातल्या एका तरुणाने विचारले, "आजवर कामठीला पाठवलेल्या मुलींपैकी दहावी किती जणींनी पूर्ण केली? आणि इथे राहिलेल्यांपैकी किती?" क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणाले, "बड्यांशी हुज्जत घालतोस?" पोरगा गप्प झाला आणि बैठक उठली. त्याच्या प्रश्नाचे उत्तर बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तरीही बेअदब ठरला तो विचारणारा.

घरी येताना मनात आले, की ज्या परंपरेचे नाव घेऊन आपण त्याला गप्प केले, त्या परंपरेत या प्रश्नाला स्वतंत्र नाव आहे. त्याला 'मनअ' म्हणतात. दावा करणाऱ्याला त्याच्या दाव्यातील एखाद्या गृहीत मुद्द्याचा पुरावा मागणे, म्हणजे मनअ. ती हुज्जत मानली जात नसे. तो विचारणाऱ्याचा हक्क होता.

तो हक्क कुठून आला, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

विदर्भातले आपण बहुतेक हनफी आहोत. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) कुफा शहरात शिकवत. त्यांच्या हलक्यात मसला मांडला जाई आणि शागिर्द त्यावर वाद घालत. अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी या त्यांच्या दोन थोर शागिर्दांनी कितीतरी मसल्यांत उस्तादांहून वेगळे मत दिले. ती मते कोणी पुसून टाकली नाहीत. उस्तादांच्या मताशेजारी तीही नोंदली गेली, आणि अनेक ठिकाणी फतवा उस्तादांच्या मतावर न देता या दोघांच्या मतावर दिला जातो. पुढे इमाम शाफई (मृत्यू इ. स. ८२०) याच शैबानींकडे बगदादमध्ये शिकले आणि त्यांच्याशी वाद घालत वेगळ्या वाटेने गेले. कोकणातले आपले भाऊ त्या वाटेवरचे आहेत. म्हणजे आपल्या दोन्ही घरांचा पाया मतभेदाच्या रियाजावर उभा आहे.

नुसती चांगली सवय माणसाबरोबर संपते. नियम लिहिले तर ती पुढच्या पिढीला शिकवता येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस शम्सुद्दीन समरकंदी यांनी ते काम केले. फिकहच्या वादाची शिस्त त्यांनी प्रत्येक इल्मला लागू होईल अशी मांडली. तिचे नाव 'आदाबुल बहस'. त्यावर जुर्जानी यांनी 'शरीफिया' लिहिली आणि सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुल रशीद यांनी तिची शरह केली. ती 'रशीदिया'. लखनौच्या फिरंगी महलमधून निघालेल्या दर्से निजामीत हे पुस्तक शिकवले जाऊ लागले.

यातले नियम आजच्या कुठल्याही बैठकीत लावून पाहावेत असे आहेत. दोन बाजू असतात. एक दावा करणारा, दुसरा 'साइल' म्हणजे विचारणारा. साइलला तीन मार्ग खुले असतात. पुरावा मागणे, ही मनअ. 'नक्ज' म्हणजे हाच युक्तिवाद दुसरीकडे लावला तर चुकीचे उत्तर येते, हे दाखवणे. आणि 'मुआरजा' म्हणजे उलट बाजूचा पुरावा उभा करणे. कोणी स्वतःचे मत न मांडता नुसते दुसऱ्याचे म्हणणे सांगत असेल, तर त्याला एवढेच विचारायचे, की हे खरोखर असेच म्हटले आहे का? आणि या सगळ्याचा हेतू एकच असावा, खरे काय ते उघड होणे. समोरच्याला हरवण्यासाठी केलेला वाद तो मुजादला. सत्यही नको आणि पटवणेही नको, नुसता हट्ट, तो मुकाबरा. रशीदियाच्या शेवटी काही नसीहती आहेत. समोरच्याचे म्हणणे समजण्याआधी मध्ये बोलू नये. आवाज चढवू नये, हसू नये. समोरच्याला कमी लेखू नये. आणि ज्याचा धाक वाटतो त्याच्याशी वाद करू नये, कारण धाकाखाली बुद्धी चालत नाही. आमच्या बैठकीतल्या त्या पोराची अडचण या शेवटच्या नसीहतीत आली आहे.

आपल्याकडे 'तालीम' शब्दाचे दोन अर्थ आहेत, शिक्षण आणि कुस्तीचा आखाडा. जोर-बैठका एकट्याने काढता येतात, कुस्ती शिकायला मात्र जोडीदार लागतो. विचाराचेही तसेच आहे, हे त्या उस्तादांनी ओळखले होते.

मग हे हरवले कुठे? मला वाटते, मुनाजरा मदरशातून मैदानात आला तेव्हा. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा दोन दिवस जाहीर मुनाजरा झाला. दुसऱ्या दिवशी गर्दी कितीतरी वाढली. परक्या सत्तेच्या काळात मौलानांनी दाखवलेली तयारी आणि हिंमत मोठीच होती. पण पुढे अशा मुनाजऱ्यांची रीत पडली आणि शब्दाचा अर्थ पालटला. एकत्र शोधण्याच्या जागी जिंकणे आले, साइलच्या जागी श्रोते आले. श्रोत्यांना टाळी वाजवता येते, मनअ करता येत नाही. आपल्या सभा आणि जलसे आजही त्याच साच्यातले आहेत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याने आपल्याला आपल्या जबानीत बोलण्याची जागा दिली, हे उपकार मोठे आहेत. पण व्यासपीठ बोलायला शिकवते. एकत्र विचार करण्याची शिस्त आपल्याला वेगळी कमवावी लागेल.

ती कमावलेले गाव आपल्याच पाण्याच्या वाटेवर आहे. पारशिवनीची पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने जाते. तिथे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यास गट सुरू झाला. त्याचा नियम असा, की गटात नुसता अभ्यास करायचा, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय गावसभेत, तोही सर्वसहमतीने. बहुमत नाही. कोणाचे समाधान झाले नसेल तर विषय पुढे ढकलायचा. निर्णय डोक्यावर नसल्यामुळे गटात हार-जीत उरत नाही. माणूस मोकळेपणाने "मला कळले नाही" म्हणू शकतो. या सवयीतून गावाने कायदा वाचला, जंगल समजून घेतले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक वनहक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

मेंढ्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी लागेल. तिथे बाया पुरुषांच्या बरोबरीने बसतात. रशीदियाचे नियम सुंदर असले, तरी ते मदरशाच्या तालिब-ए-इल्मपुरते राहिले. आमच्या बैठकीत विषय मुलींचा होता, आणि त्यांच्यापैकी एकीचीही आई तिथे नव्हती. ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे तोच बाहेर असेल, तर कसली मनअ आणि कसला मुआरजा?

मला मोठे काही सुचवायचे नाही. निर्णयाची बैठक वेगळी आणि अभ्यासाची वेगळी ठेवावी. अभ्यासाच्या बैठकीत सदर साहेबांची खुर्ची नसावी, आणि एक जण ठरवून साइल असावा, जेणेकरून विचारणे हे त्याचे कामच ठरेल. पहिला अभ्यास तयारच आहे. घरोघर जाऊन मोजायचे, कामठीला गेलेल्या किती मुली दहावी झाल्या आणि पारशिवनीत राहिलेल्या किती. उत्तर कोणत्याही बाजूचे निघो, निदान पुढच्या बैठकीत कोणाला आवाज चढवावा लागणार नाही.

त्या पोराला मी अजून भेटलेलो नाही. भेटल्यावर आधी माफी मागायची आहे. त्या दिवशी गप्प बसलेल्यांत मीही होतो.