स्थलनिर्देशक नकाशे, अमेरिकन लोहमार्गनगरांचे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोहमार्गालगतची ग्रामीण नगरे व भोवतालची शेतजमीन समोच्च रेषांसह दाखविणारे ऐतिहासिक नकाशे. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त संस्थानांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८४ पासून देशाचे पद्धतशीर नकाशे काढण्यास प्रारंभ केला. त्या वेळी जॉन वेस्ली पॉवेल (१८३४–१९०२) हे संस्थेचे संचालक होते.

प्रारंभीच्या नकाशांत समोच्च रेषा तपकिरी, जलाशय व नद्या निळ्या आणि मानवनिर्मित गोष्टी काळ्या रंगात दाखवीत. १ : ६२,५०० या प्रमाणात सु. एक इंच म्हणजे एक मैल होई. आडव्या छेदांची काळी रेषा लोहमार्गाची व लहान काळे चौकोन घरांचे असत. पुढे १ : २४,००० हे प्रमाण रूढ झाले.

मध्य-पश्चिमेकडील नकाशांत दोन रचना एकमेकींवर पडलेल्या दिसतात. १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार जमिनीचे सहा मैल बाजूचे चौरस व त्यांचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ भाग पाडण्यात आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अशा भागाचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, वसाहतकऱ्यास मिळू लागला. शेतवाटा त्यामुळे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम धावतात. लोहमार्ग मात्र भूमीच्या चढउतारानुसार तिरपा जातो आणि अनेक नगरांचे रस्ते त्याला समांतर आखलेले असल्याने भोवतालच्या चौकटीशी तिरके दिसतात. धान्य घोडागाडीने स्थानकावर पोहोचवून शेतकऱ्यास त्याच दिवशी परतता यावे, अशा बेताने ही नगरे वसली.

ही चौकट सर्वत्र योग्य नव्हती. शुष्क प्रदेशात जमिनीची वाटणी पाण्याच्या उपलब्धतेनुसार व्हावी. सिंचित शेतास ८० एकर, तर चराऊ क्षेत्रास २,५६० एकर जमीन असावी, असे पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सुचविले होते. काँग्रेसने ते स्वीकारले नाही. चौकटीची रेखीवता पाहून तेथील मूळ रहिवाशांच्या विस्थापनाची कल्पना येत नाही, हीही या नकाशांची मर्यादा होय.

मोटारवाहतूक वाढल्यावर विसाव्या शतकात अनेक शाखामार्ग बंद पडले. नंतरच्या आवृत्त्यांत अशा ठिकाणी ‘जुना लोहमार्ग’ एवढीच नोंद आढळते. काही नगरे तर नामशेष झाली. त्यांची घरे, शाळा व स्थानके यांचे नेमके स्थान या जुन्या नकाशांवरून निश्चित करता येते. २०११ पासून त्यांच्या प्रतिमा सार्वजनिक उपयोगासाठी खुल्या करण्यात आल्या असून ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासाचे ते महत्त्वाचे साधन ठरले आहे.