मामांचं मशीन

मी तीस वर्षं जळगावच्या एका शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे जुनी वस्तू दिसली की माझे हात आपोआप जोडले जातात आणि घरच्यांची नजर भंगारवाल्याला शोधू लागते. धुळ्याला मामांच्या माळ्यावर लाउडस्पीकरचं जुनं मशीन निघालं, तेव्हा असंच झालं. मशीन म्हणजे अँप्लिफायर. पण आमच्याकडे लग्नाच्या मांडवात असला अवघड शब्द कोणी काढत नसे. मशीन, माईक आणि भोंगा, एवढ्या तीन शब्दांत आम्ही अख्खं ध्वनिशास्त्र उरकत असू.

तरुणपणी मामा हे मशीन भाड्यानं देत. लग्न, कीर्तन, निवडणूक, हरवलेली म्हैस, कशालाही. काळा लोखंडी डबा, वर चार काचेचे व्हॉल्व्ह. चालू केलं की ते हळूहळू निखाऱ्यासारखे लाल होत. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात मुळातच माणूस भाजून निघतो. त्यात मामा हा डबा मांडीशी घेऊन बसत. त्यांच्या स्वभावाचं मूळ मला तिथं सापडतं.

आता थोडा इतिहास सांगतो. सवय जात नाही. व्हॉल्व्हचं घराणं १९०४ सालचं, फ्लेमिंग नावाच्या इंग्रजाचं. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्यात तिसरी तार घातली आणि पुढे तिच्याच जोरावर बारीक आवाज मोठा करता येऊ लागला. मामांच्या मशीनमधले दोन मोठे व्हॉल्व्ह ‘सिक्स एल सिक्स’ जातीचे. ही जात अमेरिकेत निघाली १९३६ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण परीक्षेत सनावळी लक्षात ठेवायला बरं पडतं. पुढे फेंडर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं याच जातीच्या व्हॉल्व्हवर गिटारची मशीनं बांधली. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये ड्रम शिकवणाऱ्या मार्शलच्या दुकानात त्यातल्याच एकाची जवळजवळ नक्कल झाली. जगभर गाजलेला तो गिटारचा आवाज म्हणजे शेवटी दोन दुकानदारांची उचापत.

हे सगळं मला सांगितलं मामांच्या नातवानं. तो पुण्याला असतो, गिटार वाजवतो. म्हणाला, “काका, याचं मी गिटारचं मशीन करून घेतो.”

मी ताडकन उठलो. धुळं म्हणजे राजवाड्यांचं गाव. त्यांनी आयुष्यभर गोळा केलेली कागदपत्रं इथल्या संशोधन मंडळात जपून ठेवली आहेत. अशा गावात अस्सल वस्तूत फेरफार? मी म्हटलं, “एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही!”

शेवटी आम्ही तिघं रिक्षात बसून एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. तिघं म्हणजे मी, नातू आणि मशीन. मामा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, त्यांना घरीच ठेवलं. मेकॅनिकनं मशीन उलटं केलं, खालचा पत्रा काढला आणि डावा हात खिशात घातला. मला वाटलं, ही बेफिकिरी. ते म्हणाले, “सर, यात चारशे व्होल्ट असतात. पिन काढली तरी कंडेन्सरात दडून बसतात. दोन्ही हात आत घातले, तर करंट छातीतून जातो.” मग त्यांनी एका रेझिस्टन्सनं तो साठा उतरवला आणि आजार सांगितले. मोठे कंडेन्सर वाळले आहेत, म्हणून मशीन गुणगुणतं. मधला एक गळतो आहे. तो तसाच ठेवला तर व्हॉल्व्ह तापून लालबुंद होऊन मरेल. पिन दोन पायांची, तिला अर्थिंगचा तिसरा पाय हवा.

“आणि भोंगा जोडल्याशिवाय चालू करू नका. ऐकणारा नसताना जोरात बोललं की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.”

तीस वर्षं मी शेवटच्या तासाला शिकवलं. मी कसा जळालो नाही, कोण जाणे.

मी विचारलं, “पण मग हे अस्सल राहील का?”

त्यांनी काढलेला पत्रा माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या हातांच्या. कंडेन्सर बदलला, १९६४. व्हॉल्व्ह बदलला, लग्नसराई, १९७१. आणि एक: माईकचा एक सॉकेट बेंजोसाठी फिरवला, १९६८.

बेंजो म्हणजे आमच्या वरातीतला, बटणं दाबून तारा छेडायचा तो. हे वाद्य मुळात जपानी, १९१२ सालचं. इकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि विजेवर चढून वरातीत शिरलं. त्याच्या तारांखालचा पिकअप माईकच्या सॉकेटात नीट बोलत नसे, म्हणून कुणीतरी तो बदलला होता. मेकॅनिक म्हणाले, “गिटारला हेच लागतं, सर. तुमचं काम पन्नास वर्षांपूर्वीच झालंय.”

मी गप्प बसलो. ज्या मशीनचं अस्सलपण मी जपायला निघालो होतो, ते दर लग्नसराईत थोडं थोडं बदललं होतं, म्हणूनच जिवंत होतं. आणि बदलणाऱ्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. याहून चांगलं दप्तर मी कुठं पाहिलं होतं?

आठ दिवसांनी मशीन घरी आलं. भोंगा जोडला, मामांना खुर्चीत बसवलं, बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. गुणगुण मात्र नाही, नवे कंडेन्सर! मामांनी कान पुढे केला आणि चेहरा पाडला. “चालू शे का रे? हूं हूं कोठे गयं? मरी गयं का?”

नातवानं गिटारची एक तार छेडली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मामा दचकले, मग कितीतरी वेळ हसत राहिले. हसता हसता त्यांनी माईक मागितला, दोन फुंकर मारल्या आणि सगळ्या गल्लीला कळवलं, की म्हैस सापडली आहे.

मी पेन्सिल घेऊन मशीन उलटं करायला निघालो. नोंद करायची होती. नातू ओरडला, “काका, आधी पिन काढा!”

मी डावा हात खिशात घातला.