लोहखाणींचा टाकाऊ गाळ, गोव्यातील

लोहखाणींचा टाकाऊ गाळ, गोव्यातील : लोहधातुक धुतल्यावर उरणारे पाणी, चिकणमाती, सिलिका व सूक्ष्म लोहकण यांचे मिश्रण. खाणव्यवसायात त्यास टेलिंग म्हणतात. डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांच्या खाणपट्ट्यात तो बांध घातलेल्या तळ्यांत साठविला जातो.

पोर्तुगीज अमदानीत १९०६ च्या हुकुमान्वये खाणींचे परवाने दिले गेले. लोहधातुकाची निर्यात १९४७ मध्ये सुरू झाली व १९५० नंतर जपानच्या मागणीमुळे वाढली. प्रारंभी मजूर धातुकाच्या ढेपा हाताने वेचीत. त्यामुळे धुण्याचा गाळ फारसा नसे. पुढे यंत्रे आल्यावर भुकटीच्या स्वरूपातील हलके धातुकही धुऊन विकणे परवडू लागले व गाळाची तळी वाढली. शिवाय एक टन धातुकामागे सु. अडीच ते तीन टन दगडमाती उपसावी लागे. पावसाळ्यात या ढिगाऱ्यांची माती व तळ्यांतील गाळ ओढ्यांवाटे भातशेतीत आणि मांडवी व जुवारी या नद्यांत उतरे.

सल्फाइडयुक्त धातुकांच्या गाळात पायराइटाच्या ऑक्सिडीभवनाने अम्ल तयार होते व त्यात विषारी धातू विरघळतात. स्पेनमधील आस्नालकोयार येथे १९९८ मध्ये बांध फुटून असाच गाळ शेतांत पसरला. गोव्याचे धातुक मुख्यतः ऑक्साइडी असल्याने येथील धोका निराळा आहे. हेमॅटाइट व गोएथाइट यांचे कण मँगॅनीज तसेच अल्पांशाने असणारे क्रोमियम, निकेल इ. धातू अधिशोषणाने धरून ठेवतात. म्हणून कोरडा गाळ बव्हंशी निष्क्रिय असतो. भाताच्या खाचरात मात्र पाणी साचून ऑक्सिजन संपतो. तेव्हा जंतूंच्या क्रियेने प्रथम मँगॅनीज व नंतर लोह यांचे क्षपण होऊन ती विद्राव्य होतात आणि त्यांनी धरलेले धातूही काही अंशी सुटतात. विद्राव्य लोह अतिरिक्त झाल्यास भाताची पाने तांबूस तपकिरी पडतात व उत्पन्न घटते. पाणी ओसरल्यावर लोह लवकर पुन्हा साक्यात बसते. मँगॅनिजाचे ऑक्सिडीभवन सावकाश होत असल्याने ते पाण्यात अधिक काळ राहते व दूरवर जाते. अशा रीतीने तळ्यात निरुपद्रवी भासणारा गाळ शेतात उपद्रवी ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखाणींचे काम थांबविले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घालण्यात आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये काही पट्ट्यांचा नव्याने लिलाव झाला. ब्राझीलमध्ये मारियाना (२०१५) व ब्रुमाजिन्यो (२०१९) येथे लोहखाणींच्या गाळाचे बांध फुटून मोठी प्राणहानी झाली. ब्रुमाजिन्यो येथील तळ्यात नवा गाळ टाकणे त्यापूर्वीच थांबले होते. त्यामुळे काम बंद पडलेल्या खाणींतही बांधांची देखभाल, पावसाचे पाणी तळ्याबाहेरून वळविणे आणि खालच्या खाचरांतील पाण्याची नियमित तपासणी चालू ठेवणे आवश्यक ठरते.